पोर्तो रिकोच्या चमकत्या खाड्यांमध्ये रात्रीची कयाक सफर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्यात नेमके काय चमकते?

जिवंत पेशी. डायनोफ्लॅजेलेट या गटातले एकपेशीय जीव पाण्यात तरंगत असतात. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाच्या खाड्यांमध्ये त्यांतली मुख्य जात पायरोडिनियम बहामेन्से ही आहे. एक पेशी साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी. वल्हे फिरले, मासा सळसळला किंवा पावसाचा थेंब पडला, की पेशीच्या आवरणावर ताण येतो. आतल्या सूक्ष्म पिशव्यांमधली आम्लता एकदम वाढते आणि ल्युसिफेरेज हे विकर ल्युसिफेरिन या द्रव्याचे ऑक्सिडीकरण घडवून आणते. त्यातून निळसर हिरवा प्रकाश बाहेर पडतो. एका पेशीची ठिणगी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास विझते. वल्ह्यामागे दिसणारा उजेडाचा पट्टा म्हणजे अशा हजारो ठिणग्यांची एकत्र बेरीज.

हा प्रकाश थंड असतो, पाणी तापत नाही. जीव हे का करतात, याचे सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण चोरघंटीसारखे आहे. बारीक कवचधारी प्राणी या पेशी खायला आले, की चमक उठते. खाणारा दचकतो, शिवाय त्याला खाणाऱ्या मोठ्या माशाला त्याचा पत्ता लागतो.

मग दिवसा का दिसत नाही? खोलीत अंधार करून पाहिले तर?

तरीही फारसे काही दिसणार नाही. या पेशींचे स्वतःचे चोवीस तासांचे घड्याळ असते. दिवसा त्या सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि चमक जवळजवळ बंद ठेवतात. रात्र पडली की ती पुन्हा सुरू होते. म्हणून लख्ख उन्हाच्या दिवसानंतरची निरभ्र, काळोखी रात्र ही आदर्श जोडी.

कोणत्या खाडीत जावे?

पोर्तो रिकोत अशा तीन प्रसिद्ध जागा आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

व्हिएकेस बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरची मॉस्किटो बे ही सर्वांत तेजस्वी. गिनेसच्या नोंदीत जगातली सर्वांत चमकदार खाडी म्हणून तिचेच नाव आहे, आणि १९८० पासून तिला राष्ट्रीय नैसर्गिक वारशाचा दर्जा आहे. खाडीचे तोंड अरुंद, पाणी उथळ आणि उबदार, भोवती तांबड्या खारफुटीचे रान. खारफुटीची पाने गळून पाण्यात कुजतात, त्यातून ब-१२ जीवनसत्त्व आणि इतर पोषक द्रव्ये मिळतात. तोंड अरुंद असल्यामुळे भरती-ओहोटी ही सगळी शिदोरी समुद्रात वाहून नेत नाही. गावाचे दिवेही दूर आहेत. कयाक थेट खाडीच्या काठावरून पाण्यात उतरते, त्यामुळे लांब वल्हवत जाणे नाही. अडचण एकच : बेटावर पोहोचायला मुख्य बेटावरच्या सेइबाहून फेरीबोट किंवा छोटे विमान घ्यावे लागते, आणि सफर रात्रीची असल्यामुळे मुक्काम बेटावरच धरावा.

लागुना ग्रांदे ही फाहार्दोजवळ, काबेसास दे सान हुआन राखीव क्षेत्रात. राजधानी सान हुआनहून गाडीने साधारण तासाभराची वाट. कयाक लास क्रोआबासच्या छोट्या बंदरातून निघते आणि खारफुटीच्या नागमोडी चिंचोळ्या वाटेने आत सरोवरात जाते. ही वाट दीड किलोमीटरच्या आसपास आहे आणि नवख्यांना एका बाजूने अर्धा-पाऊण तास लागतो. चमक मॉस्किटो बेपेक्षा कमी, पण या बोगद्यासारख्या वाटेतून जाणे हाच एक अनुभव आहे. डोक्यावर फांद्यांची कमान, दोन्ही बाजूंना पाण्यात उतरलेली मुळे, आणि पुढच्या कयाकचा मिणमिणता दिवा.

ला पार्गेरा नैऋत्येला, लाहास गावाच्या हद्दीत. सान हुआनहून दोन तासांहून अधिक. तिथे इंजिनाच्या होड्या चालतात, बहुतेक लोक होडीनेच जातात. किनाऱ्यावरची वस्ती आणि प्रदूषण यांमुळे तिची चमक तिघींत कमी मानली जाते. मात्र पाण्यात उतरायला परवानगी असलेली जागा हीच.

आमचे मत स्पष्ट आहे. हातात एक रात्र जास्त असेल आणि चंद्र अनुकूल असेल, तर व्हिएकेस. सान हुआनमध्येच मुक्काम असेल तर लागुना ग्रांदे. वल्हवणे जमणारच नसेल तर ला पार्गेरा.

तारीख कशी ठरवावी?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. विमानाचे तिकीट, हॉटेल, सुटी हे सगळे नंतर. आधी चंद्र पाहा. पेशी पौर्णिमेलाही तेवढ्याच चमकतात, पण चांदण्यात ती चमक डोळ्यांना दिसत नाही. भर पौर्णिमेला गेलेला माणूस निराश होऊन परततो, तेव्हा खाडीचा काहीच दोष नसतो. मॉस्किटो बेवर अनेक आयोजक पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री सफर ठेवतच नाहीत. जे ठेवतात, त्यांना त्या दिवशी काय दिसेल ते सरळ विचारा.

मराठी माणसाला तिथीच्या भाषेत हे पटकन कळेल. कृष्ण पक्षात चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. प्रतिपदेला तो सूर्यास्तानंतर लवकरच वर येतो. तृतीया-चतुर्थीपर्यंत मात्र संध्याकाळचे दोन-तीन तास काळोखाचे मिळू लागतात. संकष्टीचा उपास सोडायला चंद्राची वाट पाहिली असेल, त्यांना हा उशीर चांगलाच ठाऊक आहे. म्हणून कृष्ण पक्षात लवकरची फेरी घ्या, चंद्र उगवायच्या आत पाण्यातून बाहेर येता.

शुक्ल पक्षात हिशेब उलटा. चंद्रकोर संध्याकाळीच आकाशात असते आणि मग मावळते. द्वितीया-तृतीयेची कोर लवकर जाते आणि तिचा उजेडही क्षीण असतो. पंचमीला चंद्र साधारण दहाच्या पुढे मावळतो, अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास. त्यामुळे शुक्ल पक्षाच्या सुरुवातीला उशिराची फेरी घ्यावी, आणि अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंतचे दिवस सोडून द्यावेत.

थोडक्यात, कृष्ण चतुर्थीपासून शुक्ल तृतीयेपर्यंतचा सुमारे दोन आठवड्यांचा काळ चांगला, आणि अमावास्येच्या दोन्ही बाजूंचे चार-पाच दिवस उत्तम. एक सावधगिरी : घरचे पंचांग भारतीय वेळेचे असते आणि पोर्तो रिको त्याच्या साडेनऊ तास मागे आहे. तिथीवरून आठवडा निवडा. नेमकी रात्र निवडताना सान हुआन किंवा व्हिएकेसची चंद्रोदय-चंद्रास्ताची वेळ पाहा.

किती वाजताची फेरी घ्यावी?

पोर्तो रिको विषुववृत्तापासून फार दूर नाही, त्यामुळे संध्याकाळ लवकर सरते. सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस पावणेसहाच्या सुमारास आणि जूनअखेरीस सातच्या सुमारास होतो. पूर्ण काळोख व्हायला त्यानंतर सव्वा तास लागतो. सूर्यास्तालाच निघणारी पहिली फेरी लागुना ग्रांदेमध्ये एका अर्थी सोयीची असते. चिंचोळी वाट संधिप्रकाशात पार होते आणि सरोवरात पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. मॉस्किटो बेमध्ये तसे नाही. तिथे काठावरच खाडी असल्यामुळे उजेड असताना निघालात तर पहिला अर्धा तास वाया जातो. जून-जुलैत हा फरक विशेष जाणवतो.

कोणत्या महिन्यात जावे?

चमक वर्षभर असते. पाऊस साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये अधिक, आणि जानेवारी ते मार्च तुलनेने कोरडे. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. हिवाळ्यात आकाश बरे असते, पण व्यापारी वारे जोर धरतात आणि वल्हवताना दम निघतो.

त्या दिवशी पाऊस पडला तर?

दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. सफर चालू असताना हलकी सर आली, तर तुमच्यासारखे भाग्यवान कोणी नाही : प्रत्येक थेंब जिथे पडतो तिथे एक ठिणगी उठते आणि सगळी खाडी बारीक लाह्या फुटाव्यात तशी चमचमते. याउलट आधीचे दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस झाला असेल, तर डोंगरावरचे गोडे पाणी आणि गाळ खाडीत उतरतो. पृष्ठभागाची क्षारता घटते, पाणी गढूळ होते आणि चमक मंदावते. खारफुटी हा गाळ बराचसा अडवते, पण सगळा नाही. म्हणून फोन करून विचारायचे ते ‘आज पाऊस आहे का’ एवढेच नाही, ‘काल चमक कशी होती’ हेही.

विजा असतील तर सफर रद्द, यात वाद नाही. उघड्या पाण्यावर तुम्हीच सर्वांत उंच वस्तू असता. जोराच्या वाऱ्यातही रद्द होते.

फोटोत दिसते तसे निळेशार दिसेल का?

नाही, आणि हे आधीच माहीत असलेले बरे. बहुतेक फोटो कॅमेऱ्याची झडप कित्येक सेकंद उघडी ठेवून काढलेले असतात, शिवाय रंग गडद केलेला असतो. अंधारात आपला डोळा दंडपेशींनी पाहतो, आणि दंडपेशींना रंग नीट कळत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात चमक निळसर पांढरी, कधी राखाडी हिरवी वाटते. शांत पाणी काळेच दिसते, उजेड फक्त हालचालीला.

पण फोटोत जे येत नाही ते इथे असते, ते म्हणजे हालचाल. हात बुडवून वर काढा आणि मनगट तिरके धरा. थेंब कोपराकडे ओघळतात, आणि प्रत्येक थेंबात एखाददुसरी ठिणगी लुकलुकून विझते. खालून मासा गेला तर त्याची शेपटी कुठे वळली तेही रेषेत कळते. टार्पनसारखा मोठा मासा असेल तर कयाकखालून प्रकाशाचा बाण सुटल्यासारखा दिसतो.

डोळे सरावण्यासाठी काय करावे?

डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि फोनचा पडदा एकदा पेटला की तो हिशेब पुन्हा शून्यापासून. तुमचाच नाही, शेजारच्या चार कयाकमधल्या लोकांचाही. लाल दिव्याने नुकसान सर्वांत कमी होते, म्हणून डोक्याचा दिवा नेणार असाल तर लाल प्रकाशाचाच. मंद चमक पाहताना नजर थेट त्यावर न रोखता जराशी बाजूला ठेवा. दृष्टीच्या मध्यभागी दंडपेशी नसतात, कडेला भरपूर असतात, त्यामुळे कडेने पाहिले की तीच चमक उजळ भासते.

मोबाइलवर फोटो निघेल का?

हलत्या कयाकमधून जवळजवळ कधीच नाही. चमक टिपायला काही सेकंद कॅमेरा स्थिर हवा, आणि कयाक तर श्वासागणिक डोलते. तिवईही उपयोगाची नाही, कारण ती ज्यावर उभी तेच हलते. फोन गाडीत ठेवा. आयोजक सफरीनंतर फोटो देत असेल तर तो घ्या, पण त्यात तुमचे चेहरे फ्लॅशने आणि चमक संगणकाने आलेली असू शकते.

पोहता येत नाही. जावे का?

जाता येते. लाइफ जॅकेट सक्तीचे असते, पाणी शांत आणि सोबत मार्गदर्शक. ‘पोहता येत नाही’ हे निघण्यापूर्वी मार्गदर्शकाला सांगा, तो तुमची कयाक आपल्या जवळ ठेवेल. पाण्याची भीतीच वाटत असेल, तर मात्र काळोखात पहिल्यांदा कयाकमध्ये बसू नका. आधी दिवसा कुठेतरी तासभर बसून पाहा.

जॅकेट नीट बसले आहे का, ते असे पाहा. चेन लावा आणि सगळे पट्टे आवळा, मग दुसऱ्याला खांद्यांवरून ते वर ओढायला सांगा. ते हनुवटी-कानांपर्यंत सरकले तर मोठे आहे, दुसरे मागा. अंधारात रांगेत उभे असताना ही तपासणी राहून जाते आणि पाण्यात पडल्यावर जॅकेट तोंडावर येते.

कयाक कधीच चालवली नाही. काय शिकून जावे?

या सफरींवर बहुधा दोघांची, वरून उघडी कयाक असते. तिच्या तळाला छिद्रे असतात, त्यातून थोडे पाणी आत येते आणि निघूनही जाते. बूड ओले झाले म्हणजे कयाक फुटली असे नाही, ती बुडत नाही.

वल्हे धरताना दांडा डोक्यावर आडवा टेकवा. दोन्ही कोपरे काटकोनात येतील तिथे हात धरा, तेच योग्य अंतर. पात्याची खोलगट बाजू तुमच्याकडे हवी. नवखे लोक हमखास उलटी धरतात आणि मग ‘जोर लावूनही पुढे जात नाही’ म्हणतात. पाते पावलांजवळ पाण्यात घाला, कमरेपाशी आले की उचला. कमरेच्या मागे ओढत राहिलात तर कयाक पुढे जाण्याऐवजी वळते. ओढ दंडाची नको, धड वळवून घ्या, म्हणजे दोन तासांनी खांदे भरून येत नाहीत.

वळायचे असेल तर उलट बाजूला, कयाकपासून दूर, मोठा अर्धवर्तुळाकार झपाटा मारा. उजवीकडे जायचे तर डावीकडे वल्हवा. थांबायला दोन्ही बाजूंना एकेकदा उलटे वल्हवा.

पुढे कोणी बसावे, मागे कोणी?

जड किंवा ताकदीचा माणूस मागे. मागच्याच्या हातात दिशा असते, पुढच्याच्या हातात लय. पुढच्याने एका संथ तालात वल्हवायचे आणि मागच्याने त्याच्या पात्याकडे पाहत तोच ताल धरायचा. दोघांची पाती एकाच बाजूला एकाच वेळी पडली पाहिजेत, नाहीतर हवेत एकमेकांवर आपटतात. जड माणूस पुढे बसला तर टोक पाण्यात दबते, मागचे उचलले जाते आणि कयाक सरळ चालतच नाही.

नवरा-बायकोची भांडणे बहुतेक इथेच होतात. कारण साधे आहे : दोघेही एकाच वेळी दिशा सुधारतात. कयाक डावीकडे गेली, दोघांनी डावीकडून जोर लावला, ती उजव्या झाडीत घुसली. उपाय म्हणजे पुढच्याने दिशेचा विचार पूर्णपणे सोडून द्यायचा. मागच्याला वळवायचे असेल तेव्हा तो ‘थांब’ म्हणेल, पुढच्याने वल्हे मांडीवर ठेवायचे, बस्स.

खारफुटीच्या वाटेत काय सांभाळावे?

जाणारे आणि येणारे गट याच चिंचोळ्या वाटेने जातात, म्हणून नेहमी उजव्या कडेने चला. पुढच्या कयाकपासून एका कयाकच्या लांबीइतके अंतर ठेवा. पुढचा एकाएकी थांबला तर टोक त्याच्या पाठीत बसते. बोटे कयाकच्या काठावरून आत ठेवा. दोन कयाक घासल्या की सर्वांत आधी बोटेच चिरडतात. झाडीत घुसलात तर फांदी धरून ओढू नका. फांदी मोडते, मुळांवरचे शंख-शिंपले हात कापतात, आणि कयाक कलंडते ती बहुधा अशाच वेळी. शरीर मध्ये ठेवून वल्ह्याने उलटे या.

परतीच्या वाटेसाठी दम राखून ठेवा. येताना वारा किंवा ओहोटीचा ओढा समोरून असेल तर तेच अंतर दीडपट वाटते.

कयाक उलटली तर?

क्वचित घडते, आणि घडले तरी पाणी उबदार असते, साधारण २६ ते २९ अंश सेल्सिअस. कयाक आणि वल्हे दोन्ही धरून ठेवा आणि आवाज द्या. काळोखात कयाक सोडून पोहत निघणे ही एकच गंभीर चूक आहे, कारण मग तुम्हाला शोधावे लागते. उभे राहायची घाई करू नका, तळाला चिखल असतो आणि पाय रुततो. मार्गदर्शक आपली कयाक शेजारी लावून धरेल. तुम्ही आपल्या कयाकच्या मध्यभागी दोन्ही हात टेका, पाय मागे झाडून शरीर आडवे करा, छाती वर चढवा, पोटावर पडा आणि मग कूस बदलून बसते व्हा. जोडीदाराने तोवर पलीकडून कयाक दाबून धरायची.

काय घालावे आणि डासांचे काय?

पटकन वाळणारे लांब बाह्यांचे अंगात आणि तशीच पॅंट. जीन्स नको, भिजली की जड आणि गार होते. पायांत मागे पट्टा असलेली चप्पल किंवा पाण्यात घालायचे बूट. साधी चप्पल काठच्या चिखलात हमखास राहते. चष्म्याला दोरी बांधा. पडलेला चष्मा रात्री सापडत नाही. कोरडे कपडे आणि टॉवेल गाडीत, किल्ली जलरोधक पिशवीत.

डासांसाठी अंग झाकणे हाच खरा उपाय. डीटसारखी डास पळवणारी रसायने या पेशींना घातक असतात, आणि खाडीत रोज शेकडो हात बुडतात. सनस्क्रीनही तसेच, दिवसभर समुद्रकिनाऱ्यावर असाल तर निघण्यापूर्वी अंघोळ करून या. खाडीच्या मध्यावर वाऱ्यामुळे डास फारसे नसतात. चावतात ते काठावर थांबलेले असताना, त्या दहा मिनिटांपुरते कपडे पुरतात.

पाण्यात उतरता येईल का?

मॉस्किटो बे आणि लागुना ग्रांदे या दोन्हींत पोहायला बंदी आहे. अंगावरची तेले, क्रीम आणि रसायने पाण्यात मिसळतात, हे त्याचे कारण. हात बुडवणे चालते. ‘कोणी बघत नाही, उतरा’ असे सांगणारा मार्गदर्शक भेटला, तर तो इतर नियमही असेच पाळत असणार. पाणी पिऊ नका, आणि हाताला ताजी जखम असेल तर तो हात बुडवू नका.

पारदर्शक तळाची कयाक घ्यावी का?

बसल्या जागी पायाखालून जाणारी चमक दिसते, हे खरे. पण ती रुंद आणि संथ असते, वळायला जड जाते. मॉस्किटो बेमध्ये, जिथे लांब जायचे नाही, तिथे घ्यायला हरकत नाही.

मुलांना, ज्येष्ठांना नेता येईल का?

किमान वय प्रत्येक आयोजकाचे वेगळे असते. वयापेक्षा महत्त्वाचे म्हणजे मूल काळोखात दोन तास एका जागी बसेल का आणि लाइफ जॅकेट त्याच्या मापाचे मिळेल का. वजनाची मर्यादा कयाकवर अवलंबून असते आणि ती दोघांची मिळून मोजतात. नोंदणी करताना खरे वजन सांगा, कारण जादा भाराने कयाक पाण्यात खोल बसते आणि कलंडायला सोपी होते. कंबर, खांदा, मनगट यांचे दुखणे असेल किंवा गरोदरपण असेल, तर विजेवर चालणाऱ्या होडीची सफर मिळते का ते पाहा.

चमक कधी पूर्ण नाहीशी होते का?

झाली आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये लागुना ग्रांदे अंधारली होती. २०१४ च्या सुरुवातीला मॉस्किटो बे काही महिने अंधारली. २० सप्टेंबर २०१७ च्या मारिया चक्रीवादळाने खारफुटी झोडपली, खाडीत गोडे पाणी लोटले आणि चमक गेली. पुढच्या वर्षी ती परतली. हे संतुलन इतके नाजूक आहे. काठावरची तोड, मातीची धूप, किनाऱ्यावरचे दिवे, कयाकमधून सांडणारे क्रीम, यांतली कोणतीही गोष्ट एकटी क्षुल्लक दिसते, पण खाडीचे पाणी बाहेर जायला वाटच अरुंद आहे. आत आलेले आतच राहते.

आयोजक कसा निवडावा?

आधी विचारा : पोर्तो रिकोच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा परवाना आहे का? एका मार्गदर्शकामागे किती कयाक? ढग, चंद्र किंवा वाऱ्यामुळे रद्द झाले तर पैसे परत की दुसरी तारीख? व्हिएकेसवर एस्पेरान्सा गावाहून खाडीपर्यंत गाडीने नेतात का? रस्ता खडबडीत मातीचा आहे. ‘येत्या पौर्णिमेला काय दिसेल?’ हा प्रश्न मुद्दाम विचारा. ‘फार काही नाही’ असे उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवा. काही जण उजेडाच्या रात्री डोक्यावर ताडपत्री धरून तिच्याखाली चमक दाखवतात. ती सोय आहे, काळोखाचा पर्याय नाही.

मार्गदर्शकाला १५ ते २० टक्के टिप देण्याची तिथे पद्धत आहे, थोडी रोकड जलरोधक पिशवीत ठेवा.

येण्याजाण्यात काय चुकते?

फाहार्दोला ॲपवरची टॅक्सी जाताना मिळते, रात्री दहाला परत यायला मिळत नाही. भाड्याची गाडी घ्या किंवा ने-आण असलेली सफर. व्हिएकेसला भाड्याची गाडी फेरीबोटीत चढवायचा बेत करू नका, भाडे कंपन्या सहसा परवानगी देत नाहीत. गाडी बेटावरच आणि आधी आरक्षित करून घ्या. फेरीबोटीचे तिकीट सुटीच्या दिवसांत लवकर संपते. सफरीच्या दिवशीच संध्याकाळच्या फेरीबोटीने पोहोचायचा बेतही टाळा, ती उशिरा सुटली की सफर हुकते. पोर्तो रिको अमेरिकेचा भाग आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्यांना अमेरिकेचाच व्हिसा लागतो.

बाटलीत थोडे पाणी घरी नेले तर?

नेऊ नका. राखीव क्षेत्रातले पाणी आहे, आणि खाडीबाहेर त्या पेशी तगत नाहीत. बाटली घरी पोहोचेपर्यंत आत नुसते खारट पाणी उरते. त्याऐवजी काठावर उतरल्यावर, दिवे लागण्यापूर्वी, वल्ह्याच्या पाण्याने भिजलेल्या गुडघ्यावरून एकदा तळहात फिरवा. कापड ओले असेतोवर तिथेही दोन-चार ठिणग्या उठतात.